पायथॉनच्या संवादी सत्रातील ‘इम्पोर्ट’ आणि ‘रीलोड’ : एक विवेचन

प्रस्तावना

संशोधनातील आकडेमोडीसाठी विविध विद्याशाखांतील प्राध्यापक आज पायथॉन ही संगणकीय भाषा वापरतात. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रथम उपलब्ध करून दिली. एकेक आज्ञा द्यावी व तिचे उत्तर लगेच पाहावे, ही तिच्या संवादी सत्राची मोठी सोय होय. मात्र याच सोयीत एक फसगत दडलेली असून तिच्यामुळे प्रबंधात चुकीचा आकडा छापला जाऊ शकतो. प्रस्तुत लेखात या फसगतीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

इम्पोर्टची प्रक्रिया

समजा, ‘विचलन’ नावाच्या फाईलमध्ये प्रमाण विचलन काढणारे ‘प्रवि’ हे फंक्शन लिहिले आहे. ४, ६ व ८ या संख्यांसाठी ते १.६३ असे उत्तर देते. या संख्या नमुन्यातील असल्याने भाजक ३ नव्हे, तर २ हवा होता, हे नंतर लक्षात येते. फाईल दुरुस्त करून जतन केली व त्याच सत्रात पुन्हा इम्पोर्टची आज्ञा दिली, तर उत्तर २ यावयास हवे, प्रत्यक्षात १.६३ हेच येते. दोषसंदेश मात्र कोणताही येत नाही. (विद्यार्थी अशा वेळी तीच फाईल पुन:पुन्हा जतन करीत बसतात.)

पहिल्या इम्पोर्टच्या वेळी पायथॉन फाईल शोधते, मॉड्यूलची वस्तू निर्माण करते, ‘सिस.मॉड्यूल्स’ या कोशात तिची नोंद करते आणि मग फाईलमधील आज्ञा क्रमाने चालविते. त्यानंतरच्या प्रत्येक इम्पोर्टला प्रथम हा कोश पाहिला जातो. नोंद सापडली की फाईल उघडलीच जात नाही. यास दोष म्हणता येणार नाही. एकच मॉड्यूल अनेक ठिकाणी लागत असल्याने ते दरवेळी नव्याने चालविणे खर्चिक ठरले असते.

रीलोड व त्याच्या मर्यादा

यावर उपाय म्हणजे रीलोड. पायथॉन २ मध्ये हे फंक्शन थेट उपलब्ध होते. पायथॉन ३ (२००८) मध्ये ते ‘इम्प’ या मॉड्यूलमध्ये गेले व आवृत्ती ३.४ (२०१४) पासून ‘इम्पोर्टलिब’मध्ये आले. ‘इम्प’ हे मॉड्यूलच ३.१२ (२०२३) मध्ये वगळण्यात आल्याने जुन्या पुस्तकांतील आज्ञा आता चालत नाहीत.

रीलोड नवी वस्तू निर्माण करीत नाही. फाईल पुन्हा वाचून जुन्याच वस्तूच्या नामकोशात तो आज्ञा चालवितो. म्हणून फाईलमधून काढून टाकलेले फंक्शन सत्रात शिल्लक राहते. जुन्या क्लासपासून तयार केलेल्या वस्तूही जुन्याच क्लासला बांधलेल्या राहतात. माझ्या मते सर्वांत घातक प्रकार ‘फ्रॉम विचलन इम्पोर्ट प्रवि’ या रूपाचा आहे. येथे ‘प्रवि’ हे नाव सत्रात स्वतंत्रपणे जुन्या फंक्शनला जोडले जाते. परिणामी रीलोडनंतर ‘विचलन.प्रवि’ २ हे उत्तर देते, तर नुसते ‘प्रवि’ १.६३ देत राहते. एकाच सत्रात, एकाच नावाने, दोन उत्तरे.

फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथॉनमध्ये ‘ऑटोरीलोड’ची सोय आहे. बदललेली मॉड्यूल ती आज्ञेपूर्वी आपोआप रीलोड करते व जुन्या फंक्शनांतही नवी संहिता भरण्याचा प्रयत्न करते. परंतु हा प्रयत्न सर्वत्र यशस्वी होतोच असे नाही. यास्तव लेखनात द्यावयाचा अंतिम आकडा सत्र बंद करून, नव्या सत्रात सर्व आज्ञा आरंभापासून चालवूनच घ्यावा. मोठी माहिती पुन्हा भरण्यास त्यात वेळ जातो, हे खरे. कोशात मात्र त्या वेळी ‘विचलन’ची जुनी नोंद नसते.