चार उन्हाळे जास्त

मराठीत वयाचा हिशेब ऋतूंनी मांडतात. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असे म्हणणारा वडीलकी सांगतो. 'हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत' असे म्हणणारा अनुभव सांगतो. या दुसऱ्या वाक्प्रचारात एक गृहीत दडले आहे. अनुभवाने पिकणे हे मोलाचे; उन्हाने पिकणे फुकटचे, त्याला किंमत नाही. केसांपुरते हे विधान चालून जाते, कारण केस पिकतात ते मुख्यतः वयाने आणि आनुवंशिकतेने. चेहऱ्याच्या कातडीची गोष्ट मात्र उलटी आहे. तिच्यावर जे दिसते त्यातले बरेचसे खरोखर उन्हातच झालेले असते.

मी पंचवटीत राहते. म्हसरूळची चामरलेणी, रामशेज, ब्रह्मगिरी ही माझी गेल्या पंचवीस वर्षांची पायवाट. आमच्या चालणाऱ्या बायकांच्या घोळक्यातून पन्नाशीच्या आसपास एकेक जण गळत गेली. कुणाचे गुडघे, कुणाच्या घरी नातवंड. पण दोघीतिघींनी दिलेले कारण निराळे होते : 'चेहऱ्याची पार रया गेली गं, आता ऊन नको.' ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लग्नकार्यात भेटल्यावर पुरुषाला 'तब्येत कशी आहे' विचारतात आणि बाईला 'किती काळवंडलीस' म्हणतात, हे आपण सगळेच पाहतो. म्हणून सुरकुती म्हणजे नेमके काय, ती कोण पाडते आणि तिच्यापायी डोंगर सोडावा का, हे नीट तपासून पाहावेसे वाटले.

एक सुरकुती, दोन कर्ते

त्वचेचा वरचा थर पातळ असतो. त्याच्याखाली जाड थर, आणि त्याची वीण कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांच्या तंतूंची. कोलॅजेन म्हणजे खाटेची चौकट मानली, तर इलॅस्टिन म्हणजे तिची ताणलेली नवार. वीण घट्ट असेतो हसताना पडलेली घडी हसू ओसरताच मिटते. वीण सैल झाली की घडी तिथेच राहते. हीच सुरकुती.

वीण सैल करणारा पहिला कर्ता वय. तरुणपण सरू लागते तसे कोलॅजेन थोडेथोडे घटू लागते. बायकांच्या बाबतीत पाळी जाताना हा उतार एकदम तीव्र होतो. त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होते, असे अभ्यास सांगतात. 'दोन वर्षांत एकदम म्हातारी दिसायला लागले' असे पन्नाशीतली बाई म्हणते तेव्हा तो मनाचा खेळ नसतो.

दुसरा कर्ता ऊन. सूर्याच्या अतिनील किरणांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत येतात. यूव्हीबी किरण वरच्या थरातच अडतात आणि कातडी भाजतात. यूव्हीए किरण भाजत नाहीत, म्हणून त्यांचा पत्ता लागत नाही. पण जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के तेच असतात, ते खालच्या थरापर्यंत उतरतात आणि साध्या काचेतूनही आत येतात. त्यांच्यामुळे त्वचेत कोलॅजेन कापणारी विकरे वाढतात आणि इलॅस्टिनचे तंतू गोळामोळा होऊन साचतात. वयाची सुरकुती बारीक आणि पातळ कातडीवरची. उन्हाची सुरकुती खोल, जाडसर, चामड्यासारख्या पोताची.

दोन्ही कर्त्यांचे काम वेगळे करून दाखवणारा एक चेहरा वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६९ वर्षांच्या एका अमेरिकन वाहनचालकाचे छायाचित्र छापून आले. त्याने २८ वर्षे मालाची गाडी चालवली होती. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकीतले ऊन डाव्या गालावर. उजवा गाल त्याच्या वयाला शोभेसा. डावा मात्र नांगरलेल्या शेतासारखा. दोन्ही गालांचे वय एकच, उन्हाळे वेगवेगळे.

नाशिकचे ऊन

नाशिक २० अक्षांशावर आहे. म्हणजे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या अगदी डोक्यावर येतो : मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या उत्तरार्धात. मेमधला शून्य सावलीचा दिवस शाळेची मुले काठी रोवून पाहतात. जुलैमधला ढगांमुळे सहसा दिसत नाही. दिसत नाही याचा अर्थ ऊन नाही असा नव्हे. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. पावसाळी भटकंतीत चेहरा रापतो तो यामुळे. शिवाय उंचीचा हिशेब आहे. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. नाशिक शहर सुमारे ६०० मीटरवर आणि कळसूबाई १,६४६ मीटरवर. माथ्यावर हवा गार लागते, म्हणून ऊन सौम्य वाटते. प्रत्यक्षात तेच अधिक तिखट असते.

आपल्या बाजूला एक गोष्ट आहे : वर्ण. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे अतिनील किरण बरेचसे शोषते. गोऱ्या युरोपीय बाईच्या तुलनेत आपल्याकडे सुरकुत्या साधारण दहा वर्षे उशिरा येतात, असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. पण त्याच मेलॅनिनची दुसरी बाजू म्हणजे वांग आणि काळे डाग. आपल्या चेहऱ्यावर उन्हाची पहिली सही सुरकुतीची नसते, डागाची असते. त्यामुळे आपल्याकडे वार्धक्याची भीती आणि काळेपणाची भीती एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. १९७५ पासून गोरेपणा विकणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून टाकला; 'काळवंडलीस' हा शब्द मात्र आपल्या बोलण्यातून निघालेला नाही.

या भीतीचा एक घातक परिणाम सांगायलाच हवा. गोरेपणासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या अनेक मलमांत स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले. सुरकुती लपवायला निघालेली बाई कातडीच गमावून बसते, असा हा व्यवहार आहे.

पंचवटीच्या वाटेवरच्या दोन वृद्धा

सुरकुती दिसते सगळ्यांना सारखीच. तिचा अर्थ मात्र पाहणारा ठरवतो. याचे सर्वांत जुने उदाहरण आमच्या गावाच्या कथेतच आहे.

वाल्मीकि रामायणात अयोध्याकांडाच्या अखेरीस सीता अत्रींच्या आश्रमात अनसूयेला भेटते. कवी अनसूयेचे म्हातारपण झाकत नाही. गात्रे शिथिल, अंगावर वळ्या, केस पांढरे, देह थरथरणारा. सारे स्पष्ट सांगतो. आणि सीता त्या वळ्यांसमोर नम्र होते, कारण त्या तपाच्या आहेत. अनसूया तिला वस्त्रे, अलंकार आणि अंगराग देते. हा अंगराग म्हणजे अंगाला लावायची उटी, कधी न कोमेजणारी. पुढे दंडकारण्याचे ऊन आहे, आणि सुरकुतलेली बाई तरुण बाईला जाताना कातडीची काळजी बांधून देते. मला हे आपल्या वाङ्मयातले फार शहाणे दृश्य वाटते.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, अरण्यकांडात, पंचवटीत दुसरी वृद्धा येते : शूर्पणखा. ती मी या अरण्यात एकटी हिंडते, असा स्वतःचा परिचय करून देते. कवी तिला रामाच्या शेजारी उभी करून एकेक विशेषण उलटे लावतो; राम तरुण, तर ती 'वृद्धा'. गंमत अशी, की पुढच्या सर्गात लक्ष्मण तिची थट्टा करताना हेच विशेषण सीतेला लावतो, आणि थट्टा न कळलेली शूर्पणखा तेच सीतेवर उलटवते. तिघांच्या तोंडी मिळून 'वृद्धा' ही एक शिवीच होऊन बसते. शेवट सर्वांना ठाऊक आहे : रानात एकट्या हिंडणाऱ्या बाईचा चेहरा विद्रूप होतो. तपोवनात ती जागा आजही दाखवतात, आणि नाशिक हे नाव त्या नाकावरून पडले असे लोक सांगतात.

तुलसीदासांच्या कथेत शूर्पणखा सुंदर रूप घेऊन येते. तिथे तिचे म्हातारपण जाऊन कपट उरते. वाल्मीकींच्या कथेत मात्र ती आहे तशीच, रापलेली आणि वयस्क, समोर उभी राहते. तिने सीतेवर झडप घातली, याची वकिली मला करायची नाही. एवढेच नोंदवायचे आहे, की एकाच काव्यात एका बाईच्या वळ्या वंदनीय आहेत आणि दुसरीचे वय हास्यास्पद. फरक कातडीत नाही. एक आश्रमात बसली आहे; दुसरी इच्छा घेऊन उघड्यावर फिरते आहे. 'या वयात कशाला उन्हातान्हात भटकतेस' या आजच्या प्रेमळ सल्ल्यातही तो जुना फरक डोकावतो.

उटणे, ट्यूब आणि नवऱ्याचा शर्ट

आता उपायांकडे. दिवाळीत उटण्याची आठवण निघतेच. 'अष्टांगहृदय'कार वाग्भटाने रोजच्या अभ्यंगाचे गुण सांगताना जरा, म्हणजे म्हातारपण, दूर ठेवणे हाही गुण सांगितला आहे. तिळाच्या तेलाने कातडीतला ओलावा टिकतो, आणि कोरडेपणाने दिसणाऱ्या बारीक रेषा खरोखर कमी दिसतात. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद यांचे उटणे मृत पेशींचा थर उतरवते. पण तेल काय नि उटणे काय, खालच्या थरातली तुटलेली वीण सांधत नाही. लिंबू चोळून उन्हात जाणे तर साफ टाळावे. लिंबाच्या रसातली द्रव्ये उन्हाशी संयोग पावून कातडी भाजतात आणि महिनोन् महिने डाग राहतो.

विणीपर्यंत पोचणारे, सर्वांत अभ्यासले गेलेले औषध ट्रेटिनॉइन, जीवनसत्त्व अ-चे एक रूप. ते आधी मुरुमांसाठी वापरात आले. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवर त्याचा परिणाम मांडला. (याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले होते. सौंदर्याच्या बाटलीमागे कोणाची कातडी आहे, हेही माहीत असावे.) औषध डॉक्टरच्या सल्ल्यानेच, रात्री आणि महिनोन् महिने लावावे लागते. सुरुवातीला आग होते, आणि दिवसा उन्हापासून जास्त जपावे लागते.

पण सुरकुती पडल्यावरच्या उपायांपेक्षा आधीचा उपाय स्वस्त. १९९२ ते १९९६ या काळात ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी ५५ वर्षांखालील ९०३ लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी रोज सनस्क्रीन लावले, बाकीच्यांनी मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे जीर्ण होणे २४ टक्क्यांनी कमी आढळले. ही माणसे घरात बसली नव्हती, हे महत्त्वाचे. एसपीएफ ३० पुरते. ते यूव्हीबी सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० वाले ९८ टक्के. यूव्हीएसाठी पाकिटावर 'पीए' आणि पुढे अधिकची चिन्हे पाहावीत. वांगाचा त्रास असेल तर रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण त्यातले लोहाचे ऑक्साइड साधा उजेडही अडवते. चेहरा आणि मान मिळून अर्धा चहाचा चमचा हे माप. आपण बहुतेक जणी त्याच्या निम्मेही लावत नाही.

आणि सर्वांत जुना उपाय कापडाचा. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी चालते, तेव्हा पाने उतरून मांडव उघडा पडतो आणि वर्षातले सर्वांत कडक ऊन मजूर बायकांच्या अंगावर सरळ येते. त्या साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि तोंडाला सुती कापड गुंडाळतात. त्वचाशास्त्रही पहिल्याने हेच सांगते : दाट विणीचे कापड, रुंद कडांची टोपी, आणि सावली आपल्या उंचीहून आखूड असेतो आडोसा. सुरकुत्यांच्या जाहिरातीत ही बाई कधी नसते. तिला ऊन आवडते की नाही, हे कोणी विचारलेले नाही. ऊन सोडण्याचा पर्याय ज्यांना आहे, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

हिशेब

घरात बसण्याची किंमत मोजली की चित्र बदलते. पाळी गेल्यावर कोलॅजेनसारखीच हाडेही झिजतात, आणि अंगाचा भार पायावर घेऊन चालणे, चढणे हा हाडांसाठीचा साधा, बिनखर्चाचा व्यायाम आहे. ड जीवनसत्त्व कातडीत तयार होते ते उन्हानेच. झोप, साखर, रक्तदाब, मन या साऱ्यांना चालणे मानवते. सुरकुतीने कोणी अंथरुणाला खिळत नाही. खुब्याचे हाड मोडल्याने खिळते. वाढणारा तीळ, न भरणारी जखम, बदलणारा डाग दिसला तर डॉक्टरकडे जावे. सावळ्या कातडीला कर्करोग क्वचित होतो, होतच नाही असे नाही. बाकी रेषांना आजार समजू नये.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानी माणसाचे एक लक्षण असे सांगितले आहे, की तो म्हातारपण येण्याआधीच ते डोळ्यांसमोर आणतो. आजचे कमळासारखे डोळे उद्या पिकल्या पडवळासारखे होतील, हे त्याला दिसत असते. ते वर्णन वैराग्यासाठी आहे. डोंगरावर जाणाऱ्या बाईने त्यातून घ्यायची ती दूरदृष्टी : म्हातारपण येणार आहे हे धरून चालावे, टोपी घालावी, पहाटे निघावे, दहाच्या आत उतरावे.

वयाच्या कर्त्याशी बोलणी होत नाहीत. उन्हाच्या कर्त्याशी मात्र सौदा करता येतो. तो सौदा करून उरलेल्या ज्या रेषा चेहऱ्यावर येतील, त्या आपण पाहिलेल्या उन्हाळ्यांची नोंद आहे. पावसाळ्यांची नोंद आपली भाषा मानाने ठेवते. उन्हाळ्यांचीही ठेवायला हरकत नसावी.