३६ अंशांचं टोक

ऑक्सफर्डच्या गणित संस्थेच्या दारात रॉजर पेनरोज यांच्या रचनेची फरसबंदी आहे. समभुज चौकोन दोनच प्रकारचे, पण कितीही दूर पसरवले तरी ठरावीक अंतरावर तोच नमुना पुन्हा येत नाही. दगडात हे पाहिलं आणि वाटलं, यातून ऊन आत आलं तर? अशी खिडकी करणाऱ्या एका बाईंचा पत्ता मिळाला, तशी त्यांच्याकडे गेले.

रुंद चौकोनाचे कोन ७२ आणि १०८ अंशांचे, निमुळत्याचे ३६ आणि १४४. "७२चा त्रास नाही. ३६ जीव खातो," बाई म्हणाल्या. कटरची रेघ काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढायची, पक्कडीने दाबायचं; टक्कन आवाज होतो आणि काच रेघेवर उकलते. टोकाशी मात्र ती इतकी चिंचोळी होते की शेवटचा कण रेघ सोडून उडतो. मग नवा तुकडा. जमलेलं टोक त्या ओल्या ग्राइंडरवर जेमतेम टेकवतात, उचलतात, उजेडात धरतात, पुन्हा टेकवतात. मी बराच वेळ तेवढंच पाहत होते. एका निमुळत्यामागे सरासरी १.६१८ रुंद लागतात. म्हणजे १६२ रुंदांमागे १०० निमुळते, आणि ३६ची टोकं २००.

कडांना तांब्याची पट्टी, फ्लक्स, मग सोल्डर. पण त्याआधी प्रत्येक तुकड्यावर क्रमांक हवाच. अंदाजाने लावत गेलं तर सगळं नीट जुळतंय असं वाटता वाटता पुढे अशी जागा उरते की दोन्हींपैकी एकही चौकोन बसत नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला 'टोपी' होती. यॉर्कशायरच्या डेव्हिड स्मिथ यांना सापडलेला, २०२३मध्ये जगापुढे आलेला १३ बाजूंचा आकार. हा एकटाच पुरतो. पण त्याला आत शिरणारे कोपरे आहेत आणि तडा तिथे वळत नाही, सरळ पुढे धावतो. वॉटरजेट यंत्र असा कोपरा सहज कापतं. बाई तो पक्कडीने कण कण कुरतडून काढतात, आणि हातच्या त्या किंचित खडबडीत कडेचं मला जास्त मोल वाटलं.

टोपीच्या मांडणीत काही तुकडे आरशातल्यासारखे उलटे लागतात, साधारण सात सुलट्यांमागे एक. झिलई दिलेली फरशी पालथी घालता येत नाही, काच येते. एका बाजूने खरखरीत असलेली काच बाईंनी मुद्दाम निवडली आहे. उलट्या टोप्यांची खरखरीत बाजू समोर येईल, आणि बोट फिरवलं की त्या ओळखू येतील.