खुशालीच्या पत्रात न मावलेले युद्ध

शंभर वर्षांपूर्वी मालवण तालुक्यातल्या मसुऱ्यासारख्या गावात रणांगणावरून पत्र आले, की ते एकट्याने वाचायचे नसे. वाचता येणाऱ्या गुरुजींकडे किंवा शेजाऱ्याकडे ते जाई आणि घरादारासमोर मोठ्याने वाचले जाई. तिकडेही ते बहुधा शिपायाच्या हातचे नसे. पलटणीतला लिहिता येणारा सोबती मजकूर उतरवून घेई. मधल्या वाटेवर सरकारी सेन्सॉर. इतक्या जणांदेखत ‘रात्री दचकून उठतो, हात थरथरतात’ असे कोण सांगेल? त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या पत्रांत खुशाली आणि मनीऑर्डरची विचारपूस दिसली, म्हणून ती माणसे मनाने अभंग होती असे मानणे चूक आहे.

याचा पुरावा सेन्सॉरनेच जपून ठेवला आहे. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांचे टपाल १९१४ च्या अखेरीपासून तपासले जाऊ लागले. पत्रांतल्या उताऱ्यांची इंग्रजी भाषांतरे आणि त्यांवरचे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जखमी सैनिक पत्रांत कविता करू लागलेत, हे मन बिघडल्याचे अशुभ लक्षण आहे, अशी नोंद मुख्य सेन्सॉर एव्हलिन हॉवेल यांनी १९१५ मध्ये केली. सैनिकही सावध झाले होते. काळी मिरी संपत आली, तांबडी मिरची अजून शिल्लक आहे, असे लिहून ते हिंदी आणि गोऱ्या फौजेची स्थिती कळवत. घरच्यांनी भरतीला येऊ नये, हा इशारा मसाल्याच्या हिशेबात लपलेला असे.

फ्रान्सच्या आघाडीवरची पत्रे मुख्यतः पंजाबी, पठाण, गढवाली सैनिकांची. ती कोकणाला कशी लागू, असा आक्षेप रास्त आहे. पण निरक्षरता, लेखनिक आणि सेन्सॉर सगळ्यांना सारखेच होते. मालवण तेव्हा ज्या रत्नागिरी जिल्ह्यात होते, तो तर मराठा पलटणींच्या भरतीचा जुना मुलूख. या पलटणींच्या वाट्याला मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कूत-अल-अमारा शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असे जवळपास पाच महिने वेढा चालला आणि त्यात उपासमार झाली. घोड्याचे मांस खावे की धर्म राखावा, हा पेच अनेक हिंदी शिपायांपुढे होता. शेवटी शरणागती आणि तुर्कांची कैद. हे सारे खुशालीच्या चार ओळींत मावणारे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खुशालीचा मायना शांततेच्या काळातही असेच, शिवाय शौर्याचा अभिमान खरा होता. मग न लिहिलेल्या गोष्टीला पुरावा कसे म्हणावे? म्हणू नयेच. मौनावरून जखम सिद्ध होत नाही, तसे मनाचे आरोग्यही सिद्ध होत नाही. अभिमान आणि भीती एकाच माणसात एकाच रात्री नांदू शकतात. आज सीमेवरून मोबाईलवर ‘मी बरो आसंय’ ऐकू येते, तेव्हाही सांगणाऱ्याला घरच्यांचा जीव टांगणीला लावायचा नसतो. म्हणून सुट्टीवर आलेल्या जवानाची झोप, चिडचिड, अबोला यांकडे लक्ष देणे आणि गरज पडल्यास त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे, यात कमीपणा नाही. पत्र्याच्या पेट्यांत जुनी पत्रे सापडली तर तारीख, शिक्का आणि पाकिटासकट जपावीत. इंग्रजी उताऱ्यांत न आलेला मराठी शिपाई तिथेच भेटण्याची शक्यता आहे.