संगणक मंदावला : गर्दी की संसर्ग?

नवरात्राच्या दिवसांत संध्याकाळी ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून चालत जाऊन पाहा. एरवी दोन मिनिटांत ओलांडता येणारे अंतर देवीच्या दर्शनाच्या गर्दीत कितीतरी वेळ खाते. तुमच्या पायांतले बळ कमी झालेले नसते आणि रस्ताही तोच असतो. शाळेतला वा घरातला संगणक रेंगाळू लागला, की मात्र आपण असा विचार करीत नाही. ‘व्हायरस शिरला’ असे निदान होते आणि ‘नवी विंडोज टाका’ हे औषधही लगेच ठरते.

विंडोज 10 या कार्यप्रणालीसाठी मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे अनेक शाळा विंडोज 11 कडे वळत आहेत, आणि ते योग्यच आहे. पण रोग न ओळखता दिलेले औषध इथेही घातक ठरते.

प्रथम मंदपणाचे पदार्थविज्ञान पाहू. जुन्या संगणकांतील हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला बहुधा 5400 फेरे घेणारी चकती. म्हणजे सेकंदाला 90 फेरे, आणि एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचक-टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. टोक योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी दहाएक मिलिसेकंद धरा. एकूण झाले सुमारे 15 मिलिसेकंद. याउलट रॅम या तात्पुरत्या स्मृतीतून माहिती काढण्यास साधारण 100 नॅनोसेकंद पुरतात. दोहोंचा भागाकार करून पाहा : दीड लाख! टेबलावरचे पुस्तक उचलायला एक सेकंद लागत असेल, तर त्याच मापाने डिस्कमधले पुस्तक यायला पावणेदोन दिवस लागतील.

रॅम भरली, की कार्यप्रणाली तिच्यातील काही माहिती डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तशी परत आणते. मग प्रत्येक कामात ते पावणेदोन दिवस शिरतात. संगणक मंदावण्याचे हे सर्वांत सामान्य कारण, आणि त्यात व्हायरसचा काडीइतकाही संबंध नाही. दुसरे कारण धूळ. पंख्याच्या जाळीत धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवतो.

तेव्हा आधी मोजा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क किती टक्के गुंतली आहे आणि कोणता प्रोग्रॅम ती वापरतो आहे, हे तेथे दिसते. सगळे प्रोग्रॅम बंद असताना, दहा मिनिटे थांबूनही एखादा अनोळखी प्रोग्रॅम प्रोसेसर राबवीत असेल, तर संशयाला जागा आहे. दुसऱ्याच्या संगणकावर गुपचूप आभासी चलनाची आकडेमोड करून घेणारे प्रोग्रॅम असेच वागतात.

उलट, वेग चांगला आहे म्हणून संगणक निरोगी, असेही समजू नये. 1991 मध्ये सापडलेला ‘मायकेलएंजेलो’ हा व्हायरस डिस्कच्या अगदी आरंभीच्या भागात दडून बसे आणि 6 मार्च उजाडेपर्यंत निमूट राही. त्या दिवशी संगणक सुरू केला, की माहितीवर पाणी फिरे. नुसती फॉरमॅट आज्ञा देऊनही तो जात नसे, कारण ती आज्ञा त्या आरंभीच्या भागाला हातच लावीत नसे. त्याच दशकात पुण्यात कैलास काटकर हे कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत असे व्हायरस आढळू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यांतूनच ‘क्विक हील’ जन्मास आले.

आता कामाचा क्रम. पहिले काम म्हणजे माहितीची प्रत, आणि प्रत झाल्यावर ती डिस्क संगणकापासून तोडून ठेवणे. याचे महत्त्व 27 जून 2017 रोजी साऱ्या जगाला कळले. युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे उद्ध्वस्त केले आणि रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा बंदराच्या एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंपनीला सुमारे 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. जाळ्याचा मूळ आराखडा ठेवणारे तिचे सर्व संगणक एकमेकांना जोडलेले, म्हणून सर्व एकदमच गेले. वाचला फक्त घाना देशातील एक. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती! भारनियमनाला नावे ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रत काढताना फोटो, पत्रे, गुणपत्रके घ्या. प्रोग्रॅम मात्र घेऊ नका. फुकट मिळालेले ‘क्रॅक’ केलेले तर मुळीच नकोत, कारण संसर्ग पुष्कळदा त्यांतूनच येतो.

मग तपासणी. संगणक चालू असताना अँटिव्हायरस ‘येथे कोणत्या फाइली आहेत?’ असे कार्यप्रणालीलाच विचारतो. काही व्हायरस हे उत्तर मध्येच अडवून त्यातून आपले नाव गाळतात. म्हणून विंडोज सुरू होण्यापूर्वी होणारी तपासणी अधिक भरवशाची. विंडोजमधील डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन’ नावाने ती सोय आहे. शिवाय भारत सरकारने 2017 मध्ये सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र अशी साधने विनामूल्य देते.

तपासणीत काही निघाले नाही, तर जुन्यावरच नवी कार्यप्रणाली चढवायला हरकत नाही. पण या पद्धतीत जुने प्रोग्रॅम आणि फाइली जागच्या जागी राहतात. घर रंगवले, तरी आत दडलेला उंदीर आतच राहायचा. संसर्ग आढळला असेल, तर डिस्क पूर्ण पुसूनच नवी प्रणाली बसवावी, आणि त्यासाठी लागणारा पेन ड्राइव्ह दुसऱ्या, निरोगी संगणकावर तयार करावा. विंडोज 11 ला किमान 4 गिगाबाइट रॅम आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय लागते, हे आधीच पाहून घ्या. नुसत्या 4 वर ती चालते, पण रखडतच. म्हणून रॅम वाढवणे आणि फिरत्या चकतीऐवजी एसएसडी बसवणे, हा खर्च मला नव्या संगणकापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

शेवटी, ठेवलेली प्रत परत घेण्यापूर्वी नव्या प्रणालीकडून तीही तपासून घ्या. आणि संसर्ग सापडलाच असेल, तर त्या संगणकावर टाइप केलेले सर्व पासवर्ड बदला, तेही दुसऱ्या संगणकावरून.