पांजरपोळीपासून गल्लीपर्यंत

भुलेश्वरला माधवबागेच्या शेजारी मुंबईची पांजरपोळ आहे. आज लोक तिथे गायीला चारा घालायला जातात. ही संस्था उभी राहिली ती मात्र रस्त्यावरच्या कुत्र्यांमुळे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

कंपनी सरकारच्या काळात मुंबईत वर्षाच्या ठरावीक दिवसांत भटकी कुत्री मारली जात आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे इनाम मिळे. १८३२ साली ही मुदत वाढवली गेली. इनामाच्या आशेने लोक पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं आहे. अंत्यविधीतला ‘सगदीद’ कुत्र्याची नजर मृतदेहावर पडल्याशिवाय पुरा होत नाही. ६ जूनला फोर्टात पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला, इतर समाजांचे लोकही त्यांना येऊन मिळाले. कुलाब्याच्या छावणीची रसद अडली आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा या व्यापाऱ्यांनी पांजरपोळ काढली. मारलं जाणारं जनावर इथे आणा, आम्ही त्याला मरेपर्यंत सांभाळू, हा त्यांचा शब्द होता.

त्या दोघांबद्दल मनात आदरच आहे. पण शहरातल्या प्रत्येक कुत्र्याला असा शब्द देता येत नाही. मुंबईत २०१४च्या गणतीत ९५,१७२ भटकी कुत्री मोजली गेली. एवढ्यांना आयुष्यभर कोंडून सांभाळायचं तर जागा, माणसं, डॉक्टर, रोजचं अन्न कुठून आणणार? आणि आणलं, तरी ते कुत्र्याच्या भल्याचं असेल का?

मारण्याचा मार्ग या शहराने भरपूर वापरून पाहिला. महापालिका १९९४ पर्यंत कुत्री मारत होती, तरीही ती संपली नाहीत. उकिरडा, मटणाच्या दुकानामागचा कचरा, वस्तीतलं उरलंसुरलं अन्न तसंच राहतं, म्हणून रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात. कुत्री जेमतेम नऊ आठवड्यांत विते, एका वेळी चार-सहा पिल्लं होतात. चेन्नईच्या ‘ब्लू क्रॉस’ या प्राणिमित्र संस्थेने हे ओळखून १९६४ पासूनच नसबंदीचा आग्रह धरला. मुंबईने १९९४ मध्ये तो मार्ग घेतला आणि २००१ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी देशभराचे नियम केले. २०२३ मध्ये ते नव्याने आले.

नसबंदी केंद्राचं काम बारकाईने पाहण्यासारखं आहे. गाडी येते, जाळ्याने किंवा नुसत्या हातांनी कुत्रं पकडलं जातं. सराईत पकडणारा आधी बिस्किट दाखवतो, दमाने घेतो. घाबरलेलं कुत्रंच चावतं हे त्याला माहीत असतं. पकडल्याबरोबर गल्लीचं नाव लिहिलं जातं आणि गळ्यात क्रमांकाचा बिल्ला पडतो. ही नोंद चुकली तर पुढचं सगळं चुकतं. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात. भूल असतानाच कानाला छोटी खाच देतात, म्हणजे पुढे लांबूनही कळतं की या कुत्र्याची नसबंदी झाली आहे. रेबीजची लस टोचतात. चार-पाच दिवस टाक्यांवर लक्ष ठेवतात आणि मग कुत्रं जिथून उचललं त्याच गल्लीत सोडतात. परक्या भागात सोडलं तर तिथली टोळी त्याला फाडते किंवा ते घर शोधत गाड्यांखाली येतं.

आता आसऱ्याची दुसरी बाजू. दयेपोटी कुणी एखादं पिल्लू आश्रमात नेऊन देतो आणि निश्चिंत होतो. पण गर्दीच्या आश्रमात पार्वोचा संसर्गजन्य रोग शिरला की लस न झालेली पिल्लं जुलाब-उलट्यांनी दोन-तीन दिवसांत जातात. मोठी कुत्री एकाच पिंजऱ्यात दाटली की खाण्यावरून भांडतात, जखमी होतात. जी दबून राहतात ती खाणं टाकतात. म्हणून ‘जागा नाही’ असं सांगणारा आश्रमचालक मला निर्दय वाटत नाही. आत असलेल्यांशी तो प्रामाणिक असतो. आंधळी, कमरेतून गेलेली, म्हातारपणी हाकललेली पाळीव कुत्री यांचा खरा हक्क त्या जागेवर आहे. बऱ्या न होणाऱ्या वेदनेत तळमळणाऱ्या जिवाला डॉक्टरांच्या हातून शांत मरण देण्याची मुभाही नियमांत आहे, आणि कधी कधी तीच दया असते.

चावा बसलेल्या माणसाचं दुःख यात विसरता कामा नये. रेबीजची लक्षणं दिसल्यावर रोगी जवळपास कधीच वाचत नाही, आणि चावा बसणाऱ्यांत रस्त्यावर खेळणारी, पायी शाळेत जाणारी पोरं बरीच असतात. त्यावरचा उपाय शेजारच्या गोव्याने दाखवला. ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी गावोगाव फिरून कुत्र्यांना लस दिली, शाळांतून मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्यांची लगेच तपासणी केली. २०१८ आणि २०१९ मध्ये तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. त्यासाठी कुत्री कोंडावी लागली नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री आश्रयगृहांत ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांत तो बदलून, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची लस-नसबंदीनंतर त्याच भागात सोडावीत असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश आला. ही कुत्री कुठे ठेवायची, याचं उत्तर आता प्रत्येक पालिकेला द्यायचं आहे. पत्र्याची शेड ठोकून ते उत्तर होणार नाही.

आश्रमाला देणगी देताना आत किती कुत्री आहेत एवढंच विचारू नका. किती बरी होऊन आपल्या गल्लीत परतली, किती दत्तक गेली, किती दगावली, डॉक्टर रोज येतात का, हेही विचारा. गल्लीत खाऊ घालत असाल तर त्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस हीसुद्धा तुमची जबाबदारी माना. आणि वॉर्डात नसबंदी केंद्र नसेल तर नगरसेवकाकडे ते मागा, पाण्याच्या लाइनीसाठी मागता तितक्याच हक्काने.