स्थिर हात

'द गॉडफादर' म्हटलं की बहुतेकांना पलंगावरचं घोड्याचं मुंडकं आठवतं, नाहीतर टोल नाक्यावर गोळ्यांनी चाळण झालेला माफिया डॉनचा थोरला मुलगा सनी. ही दृश्यं हादरवतात, पण सनीचा धाकटा भाऊ मायकल कॉर्लिओनी याचं खरं बदलणं फ्रान्सिस फोर्ड कपोलानं रक्ताचा थेंबही न सांडणाऱ्या प्रसंगांत दाखवलं आहे. पहिल्या भागातला (१९७२) रुग्णालयाबाहेरचा प्रसंग घ्या. जखमी वडिलांभोवतीचे पहारेकरी हटवलेले, आणि मायकलच्या सोबतीला आहे फक्त एन्झो, फुलं घेऊन भेटायला आलेला साधा बेकरीवाला. मायकल ती फुलं फेकून देतो आणि त्याला खिशात पिस्तूल असल्यासारखा हात ठेवून शेजारी उभं राहायला सांगतो. मारेकऱ्यांची गाडी येते, थबकते, निघून जाते. आता एन्झो सिगारेट पेटवू पाहतो, पण हात असे थरथरतात की लायटर पेटतच नाही. मायकल लायटर घेऊन ती पेटवून देतो आणि क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघतो. तो हात अजिबात हललेला नाही. घरच्या धंद्यापासून लांब राहिलेल्या या मुलाला आपण कशासाठी लायक आहोत, हे तिथे कळतं. रेस्टॉरंटमध्ये तो वडिलांवर हल्ला घडवणाऱ्या सोलोझोला गोळी घालतो ते नंतर. निकाल रुग्णालयाच्या पायरीवरच लागलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, हे अर्थ चाहत्यांनी मागाहून चिकटवलेले आहेत. डॉन झालेल्या ब्रँडोच्या मांडीवरचं मांजरसुद्धा सेटवर भटकणारंच होतं. मांजराचं खरं आहे. पण योगायोग एखाद्या वेळी घडतो, तीच रीत दोन चित्रपटभर टिकत नाही. दुसऱ्या भागात (१९७४) हवानामध्ये मायकलचा भाऊ फ्रेडो आधी सांगतो, मायकलच्या शत्रूचा हस्तक जॉनी ओला याला आपण ओळखत नाही. पुढे एका रात्री नशेत, रंगलेल्या मैफलीत, जॉनीनंच आपल्याला ही जागा दाखवली असं तोच बोलून जातो. मागे बसलेला मायकल एक शब्द बोलत नाही, भावानंच दगा दिल्याचं कळून फक्त त्याचा चेहरा पडतो. आईच्या अंत्यदर्शनाच्या वेळी तो याच भावाला मिठी मारतो आणि त्याच्या खांद्यावरून आपल्या मारेकऱ्याकडे, अल नेरीकडे, बघतो. हुकूम सुटला, तोही तोंड न उघडता. हिंसेशिवाय या नजरेला वजन राहिलं नसतं, हा आक्षेप मला मान्य आहे. ती भिववते, कारण मायकल काय करू शकतो हे आपण पाहिलेलं असतं. पण तळ्यातल्या नावेवरचा फ्रेडोचा खून मात्र कपोला लांबूनच दाखवतो. त्याचा भर कशावर आहे, हे एवढ्यावरूनही कळतं.

म्हणूनच दुसरा भाग पुन्हा बघाल तेव्हा फ्रेडो मेल्यावर उठू नका. त्यानंतर डिसेंबर १९४१ मधलं जेवणाचं टेबल येतं. मायकल सैन्यात भरती झाल्याचं सांगतो, सनी भडकतो, आणि त्या टेबलावर अभिनंदनासाठी हात पुढे करणारा एकटा फ्रेडोच असतो.