कॉर्न स्नेक: ऊब, भूक आणि पुण्याचे हवामान

पाळीव साप म्हणून जगभर ज्या मोजक्या सापांना पसंती मिळाली, त्यांत अमेरिकेच्या आग्नेय भागात आढळणारा, नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे डाग असलेला आणि पूर्ण वाढ झाल्यावर साधारण तीन ते पाच फूट लांब होणारा बिनविषारी कॉर्न स्नेक अग्रभागी आहे. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागावर येणारा म्हणून, किंवा पोटावरची काळी-पांढरी चौकडी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून, त्याला हे नाव पडल्याचे सांगतात. पुणे परिसरातील तस्कर हा त्याचा नातलग असून, प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट असे धरल्यास, दोघेही पूर्वी ‘एलाफे’ या एकाच प्रजातीत गणले जात. पुढे अभ्यासकांनी त्यांना वेगवेगळ्या प्रजातींत ठेवले. मात्र या सापाच्या संगोपनाविषयी जे सल्ले पुण्यातील पाळणाऱ्यापर्यंत पोहोचतात, ते बहुतेक युरोप-अमेरिकेतील थंड घरे डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात, आणि त्यात आपल्याकडील पारंपरिक समजुतींची भर पडली की अनेक गैरसमज तयार होतात.

त्यांतला सर्वांत मूलभूत गैरसमज ‘साप थंड रक्ताचा असतो, म्हणून त्याला थंडावा मानवतो’ हा होय. साप हा बाह्यतापी प्राणी आहे, म्हणजे शरीराची ऊब माणसाप्रमाणे आतून पुरेशी निर्माण न करता तो ती भोवतालच्या जमिनीतून, दगडातून, हवेतून आणि उन्हातून घेतो. त्यामुळे त्याचे रक्त परिस्थितीप्रमाणे थंडही असते आणि चांगले कोमटही असते. रानातला साप ऊन हवे तेव्हा उघड्यावर येतो आणि पुरे झाले की बिळात सरकतो. पेटीत कोंडलेल्या सापाला हे स्वातंत्र्य मिळावे म्हणून पेटीच्या एका टोकाला 29 ते 31 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 23 ते 25 अंश असा तापमानाचा उतार ठेवतात व दोन्ही टोकांना लपण्याची जागा देतात. एकच ‘योग्य तापमान’ शोधून संपूर्ण पेटी त्यावर आणणे ही चूक आहे, कारण भरल्या पोटी, उपाशीपोटी आणि कात टाकताना सापाची गरज वेगवेगळी असते आणि ती त्याला स्वतःलाच सर्वांत नेमकी कळते.

दुसरा गैरसमज असा की कृत्रिम ऊब वर्षभर द्यावीच लागते, आणि पुण्यात हाच सर्वांत घातक ठरू शकतो. एप्रिलमध्ये शहराचे दुपारचे कमाल तापमान सरासरी 38 अंशांच्या आसपास जाते, गच्चीखालच्या मजल्यावरील खोली तापलेल्या स्लॅबमुळे रात्री उशिरापर्यंत निवत नाही, आणि सलग 35 अंशांच्या वर राहणे कॉर्न स्नेकला सोसत नाही. अशा दिवसांत प्रश्न ऊब देण्याचा नसून ती काढून घेण्याचा असतो: तापपट्टी बंद ठेवावी, पेटी पश्चिमेच्या खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी आणि शक्यतो जमिनीलगत आणावी, आणि साप अंगभर बुडून बसू शकेल एवढे पसरट पाण्याचे भांडे थंड टोकाला ठेवावे. काचेची पेटी ‘थोडे ऊन मिळावे’ म्हणून गॅलरीत ठेवणे तर जिवावर बेतणारे आहे. बंद काचेआड उष्णता साठत जाते, आणि सापाला पळायला सावली उरत नाही.

डिसेंबर-जानेवारीत चित्र उलटते. पहाटेचे किमान तापमान सरासरी 11-12 अंशांवर येते, त्या वेळी पेटीच्या एका टोकाखाली तापपट्टी आवश्यक होते. पण ती नेहमी थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज आपोआप तोडणाऱ्या व जोडणाऱ्या उपकरणाला, जोडलेली असावी. पोटाखालची जागा भाजण्याइतकी तापली तरी साप तिथून लगेच हटेलच असे नाही, त्यामुळे थर्मोस्टॅट नसलेल्या पट्टीने आणि विजेवर तापणाऱ्या कृत्रिम दगडाने पोटाचे खवले भाजल्याच्या घटना पाळणाऱ्यांना परिचित आहेत. पावसाळ्यात तापमान सोयीचे असते, पण हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांपुढे जाते आणि या सापाला साधारण 40 ते 60 टक्के पुरते, म्हणून त्या महिन्यांत पेटीला भरपूर वायुवीजन असावे आणि ओले झालेले अंथरूण लगेच बदलावे.

तापमान आणि आहार या दोन गोष्टी वेगळ्या मानणे हाही गैरसमजच आहे. सापाचे पचन बाहेरून मिळालेल्या उबेवर चालते. गिळलेला उंदीर पुरेशी ऊब न मिळाल्यास पोटात पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. त्यामुळे हिवाळ्यात साप अन्न ओकू लागला, तर अन्न बदलण्याआधी उबदार टोकावरचा तापमापक पाहावा, दहा ते चौदा दिवस काहीही देऊ नये आणि नंतर नेहमीपेक्षा लहान घास द्यावा. खाल्ल्यानंतर किमान 48 तास सापाला हातात घेऊ नये, हा नियमही सापाने अन्न ओकू नये म्हणूनच पाळला जातो.

साप रोज खातो, किंवा त्याला दूध चालते, या समजुती आपल्याकडे खोल रुजल्या आहेत. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे आणि सापाच्या नैसर्गिक आहारात ते कुठेच येत नाही. नागपंचमीला दूध पिताना दिसणारा नाग हा बहुधा अनेक दिवस तहानलेला असतो आणि समोर येईल तो द्रव पितो. नीलिमकुमार खैरे यांनी 1980 साली पुण्यात 72 विषारी सापांसोबत 72 तास राहून सापांविषयीची भीती किती अनाठायी आहे हे दाखवून दिले आणि 1986 साली कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. भीतीबाबत पुणेकरांचे एवढे प्रबोधन झाले, पण सापाच्या पोटाविषयीचे अज्ञान त्या मानाने कमी झालेले नाही. कॉर्न स्नेकच्या पिलाला पाच ते सात दिवसांनी उंदराचे केसविरहित गुलाबी पिलू आणि पूर्ण वाढलेल्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक उंदीर पुरतो; उंदराची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा फार तर दीडपट असावी. कोंबडीच्या मांसाचे तुकडे देणे सोयीचे वाटते, परंतु हाडे, यकृत आणि आतडी यांसह संपूर्ण उंदरातून जे कॅल्शियम व जीवनसत्त्वे मिळतात, ती नुसत्या मांसातून मिळत नाहीत.

जिवंत भक्ष्य दिले तरच साप खातो, हेही खरे नाही. गोठवून साठवलेला उंदीर आधी शीतकपाटात वितळवून मग गरम पाण्यात कोमट केला आणि चिमट्याने समोर धरला, तर बहुतेक कॉर्न स्नेक तो घेतात. अशा वेळी निरीक्षण करण्याजोगे बरेच असते: जिभेची लवलव थांबते, मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी मागे ओढली जाते, झडप पडते, मेलेल्या उंदरालाही दोन-तीन वेटोळे घातले जातात, मग साप त्या उंदराचे डोके शोधून तिकडूनच गिळायला सुरुवात करतो आणि शेवटी दोन-चार मोठ्या जांभया देऊन जबडा जागेवर बसवतो. याउलट पेटीत सोडलेला जिवंत उंदीर सापाला चावू शकतो, आणि गटारातून वा घरातून पकडलेल्या उंदराने विष खाल्लेले असण्याची शक्यता असते, म्हणून तो कधीही देऊ नये.

साप खात नाही म्हणजे तो आजारी आहे, असे समजून घाईने तोंड उघडून भरवणारे लोक सापाची हानी करतात. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर-दुधी होतात आणि त्या काळात बहुतेक साप अन्न नाकारतात. नर विणीच्या हंगामात आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो. वजन टिकून असेल, तर वाट पाहणे हाच उपचार आहे. मात्र वजन घटत असेल, तोंडातून फेस येत असेल किंवा श्वासाचा आवाज येत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा.

शेवटचा गैरसमज सापाइतकाच पाळणाऱ्यालाही अडचणीत आणणारा आहे: कॉर्न स्नेक पाळता येतो, तर त्याचा भाऊबंद तस्कर किंवा धामण पाळायला काय हरकत, असा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे देशी साप पकडून घरात ठेवता येत नाहीत. नकोसा झालेला कॉर्न स्नेक वेताळ टेकडीवर वा पर्वतीच्या उतारावर सोडणेही तितकेच चुकीचे आहे, कारण परका साप एकतर मरतो किंवा, कॅरिबियन समुद्रातील काही बेटांवर झाले तसे, तिथे ठाण मांडून स्थानिक जीवांवर ताण आणतो. घरात देशी साप दिसल्यास त्याला न मारता, न पकडता त्याच्यावर दुरून लक्ष ठेवावे आणि महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.